पाणी आलं, मग होडी कुठंय?

पाणी आलं आणि होडी आली नाही, तेव्हा शलाकाने पहिला आळ घेतला तो पाटकऱ्यावर.

"तूच अडवलीस! कुठल्या तरी दाराआड दडवलीस आणि आता साळसूदासारखा उभा आहेस!"

पाटकरी बिचारा काय बोलणार? तो यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) होता. उंचीने शलाकाएवढाच, पाय मात्र तीन, आणि डोक्यावर उन्हावर चालणारी एक काळी तबकडी. "ताई, माझ्याकडे पाणी अडवायची दारं अकरा आहेत," तो म्हणाला. "अकराही तपासली. एकाही दाराशी होडी नाही." त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि ओरडा खाऊन रडताही येत नव्हतं. अशा माणसाशी भांडण्यात काय मजा!

हे घडत होतं आरणी नदीच्या काठच्या जलोद्यानात. तुम्ही पाहिली असतील तशी जलोद्यानं डोळ्यांपुढे आणू नका. इथे पंप नव्हता, रंगीत प्लॅस्टिकच्या नळ्या नव्हत्या आणि डोळे चुरचुरवणारं औषधाचं पाणीही नव्हतं. चार किलोमीटर वर नदीत एक जुना बंधारा (नदीला आडवी घातलेली ठेंगणी भिंत) होता. तिथून एक पाट (शेतापर्यंत पाणी नेणारा उघडा कालवा) उतारा-उताराने खाली यायचा. पाटाचं पाणी आधी लव्हाळ्यांच्या तळ्यात विसावायचं. गाळ तळाशी बसायचा आणि मुळांवरचे सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) पाण्यातली घाण फस्त करायचे. मग ते नितळ पाणी दगडी घसरगुंड्यांवरून धो-धो खाली, डोहात, आणि डोहातून थेट भुईमुगाच्या शेतात. आधी पोरं भिजायची, मग पीक.

पूर्वी गावात कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं हे बघणारा एक माणूस असे. त्याला पाटकरी म्हणत. शलाकाच्या आईचे वडील, म्हणजे तिचे आबा, यांचे वडील इथले शेवटचे पाटकरी. पुढे आबा शिकले, वाहत्या पाण्याचे शास्त्रज्ञ झाले, जगभरच्या नद्या मोजून आले. आणि गावाने दारं उघडायला यंत्रमानव आणला, तेव्हा त्याला नाव दिलं तेच, पाटकरी.

आता होडीचं. ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होती, वीतभर लांब. शलाकाच्या आईने, सुनेत्राने, ती अंगणात बसून चाकूने कोरली होती, आणि खालच्या बाजूला अक्षरं खोदली होती: शलू. त्यानंतर आठ दिवसांनी आई चंद्रावरच्या तळावर कामाला गेली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. या दोन वर्षांत शलाकाने होडी एकदाही पाण्यात घातली नव्हती. उशीखाली ठेवायची. रात्री हात घालून अक्षरं चाचपायची.

मग आज का घातली? ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, पण आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. सकाळी आठला शलाका, पप्पा आणि आबा आधी बंधाऱ्यावर थांबले होते. रात्री पाट अर्धाच वाहतो. बरोबर आठ वाजता पाटकरी जलोद्यानात बसूनच बिनतारी हुकूम सोडतो, आणि बंधाऱ्यावरचं मोठं दार वर उचललं जातं. दार उचललं, पाणी उसळलं, आणि शलाकाने डोळे मिटून होडी सोडली. मनातल्या मनात तिने कौल लावला होता. होडी खाली पोचली तर आई येणार. नाही पोचली तर... पुढचं तिने मनातही म्हटलं नाही.

मग गाडीत बसून सगळे जलोद्यानात आले. आठ वाजून बावन्न मिनिटांनी पाटकऱ्याने घंटा वाजवली. "पाणी आलं! पाणी आलं!" पाटाची पातळी वीतभर चढली, पोरं किंचाळत घसरगुंड्यांकडे सुटली. शलाका मात्र उलट दिशेला धावली, पाट तळ्याला मिळतो तिथल्या जाळीपाशी. पाणी आलं म्हणजे होडी आलीच, हा तिचा हिशेब. जाळीवर फेस आला, वाळकी पानं आली, कोणाची तरी एक चप्पल आली. होडी नाही.

नऊ वाजले. नऊ पाच झाले. आणि शलाकाला रडू फुटलं.

पप्पा डबा टाकून धावत आले. "अगं, एवढं काय? दुसरी करू आपण! मी करतो, मोठी!"

आता हे काय बोलणं झालं? शलाकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की पप्पांनी विषयच बदलला. ते हळूच म्हणाले, "शलू, नऊ चाळीसला आईचा फोन येईल. आज तरी बोलशील ना?"

"नाही."

"गेल्या दोन्ही वेळा तू बोलली नाहीस. ती नुसती वाट बघत बसते गं."

"मी पण बघते ना वाट!" शलाका ओरडली. "आवाज येतो, आई येत नाही. मला आवाज नकोय. मला आई पाहिजे!"

पप्पांनी मान वर केली. नैर्ऋत्येला टेकडीच्या वर अर्धा चंद्र होता, दिवसा दिसतो तसा, दुधात पाणी घातल्यासारखा फिका. त्याचा उजेडाचा अर्धा भाग आणि न दिसणारा अर्धा भाग यांच्या मधल्या रेषेजवळच आईचा तळ. चंद्रावर एक दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा असतो आणि रात्रही तेवढीच. रात्र झाली की तळावर वीज जपून वापरायची, घरच्या फोनला सुट्टी. "उद्या तिथे सूर्य मावळतो," पप्पा म्हणाले. "आज नाही बोललीस तर पुढचे चौदा दिवस काही नाही."

शलाकाने पाठ फिरवली. ती पाटाच्या काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. तिला आईची फार आठवण येत होती. आईचं हसणं, आईचा भाकरी थापतानाचा आवाज, आईच्या ओढणीला नाक पुसल्यावरचा धपाटा, सगळंच. होडी बुडाली म्हणजे ते सगळंच बुडालं, असं तिला वाटत होतं.

एवढ्यात शेजारी कोणीतरी धप्पकन बसलं. आबा! धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात फुटाण्या-शेंगदाण्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात पपईच्या पानाचा जाडजूड देठ. परवाच्या रंगपंचमीचा गुलाबी रंग कानामागे अजून तसाच.

"काय गं, पाणी आलं आणि होडी नाही आली म्हणतात?"

"बुडाली ती," शलाका हुंदका गिळत म्हणाली.

"पांगारा बुडत नाही, बये. बरं, मला एक सांग. हे जे पाणी बावन्न मिनिटांत आलं, ते बंधाऱ्यावरून सुटलेलंच पाणी कशावरून?"

"म्हणजे? दार उघडलं म्हणून तर आलं!"

"हं. धर हा देठ."

पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आबांनी त्यात एकामागून एक फुटाणे भरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी गच्च. मग पुड्यातून एक शेंगदाणा काढून तिच्या हातात दिला. "हा तुझी होडी. आता या टोकाने आत ढकल."

शलाकाने शेंगदाणा आत दाबला. दुसऱ्या टोकाने टपकन काहीतरी तिच्या मांडीवर पडलं.

"काय पडलं?"

"फुटाणा."

"अरेच्चा! घातलास शेंगदाणा आणि पडला फुटाणा? चेटूक झालं म्हणायचं!"

"चेटूक कसलं, आबा! फुटाणा आधीपासून त्या टोकाशीच होता. शेंगदाण्याने पहिल्या फुटाण्याला ढकललं, त्याने पुढच्याला, आणि..." शलाका बोलता बोलता थांबली. तिने देठाकडे पाहिलं. मग पाटाकडे. "पाटात रात्रभराचं पाणी होतं."

"होतं ना! अर्धा पाट वाहतच होता. आठ वाजता वरून नवं पाणी घुसलं. त्याने पुढच्या पाण्याला रेटलं, त्या पाण्याने त्याच्या पुढच्याला. पाण्याला एक फुगवटा आला आणि तो फुगवटा पुढे धावला. त्याला म्हणायचं लाट. आपल्याला वाटतं लाट म्हणजे पळणारं पाणी. तसं नाही. लाट ही पाण्याने पुढे धाडलेली बातमी. बातमी धावते आणि पाणी आपलं मागून चालत येतं. बावन्न मिनिटांत इथे पोचली ती बातमी."

"आणि माझी होडी पाण्यात आहे. बातमीत नाही."

"शाब्बास! खा तो फुटाणा."

शलाकाने खाल्ला. पण ती अशी सहजासहजी पटवून घेणारी नव्हती. तिने देठ हिसडून सगळे फुटाणे ओंजळीत काढले आणि रिकाम्या देठात एकटा शेंगदाणा घातला. दुसऱ्या टोकाने काहीच पडलं नाही. "पाट कोरडा असता तर?"

आबांचे डोळे चमकले. "तर बातमी द्यायला पुढे कोणीच नसतं. मग बातमी आणि पाणी दोघांनाही बरोबरच यावं लागलं असतं."

"मग होडी कधी येईल?"

"मला काय विचारतेस? मोज की!"

आबांनी काठावर दहा मीटर अंतर मोजलं आणि दोन्ही टोकांना दगड ठेवले. शलाकाने वरच्या दगडापाशी एक पान सोडलं आणि ते खालच्या दगडाशी येईपर्यंत सेकंद मोजले. तेरा. पुन्हा सोडलं. पुन्हा तेरा. हाच पाण्याचा वेग (ठरावीक वेळात कापलेलं अंतर): तेरा सेकंदांत दहा मीटर. चार किलोमीटर म्हणजे चार हजार मीटर, म्हणजे असे दहा-दहा मीटरचे चारशे तुकडे. तिने ओल्या बोटाने दगडावर गुणाकार मांडला. चारशे गुणिले तेरा, बावन्नशे सेकंद. भागिले साठ.

"सत्त्याऐंशी मिनिटं!" ती ओरडली. "आठला सोडली. म्हणजे नऊ सत्तावीसला! आबा, किती वाजले?"

"नऊ बावीस."

ती पाच मिनिटं कशी गेली ते शलाकालाच ठाऊक. पप्पा भाकरीचा तुकडा घेऊन आले, तो तिने न बघता परत केला. पाटकरीही येऊन उभा राहिला, तीन पायांवर, मान पुढे काढून. नऊ सत्तावीस झाले. पाणी आलं, पानं आली. नऊ अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. आबांनी शलाकाच्या पाठीवर हात ठेवला.

नऊ तेहेतीस.

"ताई," पाटकरी म्हणाला, "वळणावर लाकूड दिसतं आहे. वीतभर."

आली! पांगाऱ्याची होडी, डुलत, गिरक्या घेत, एका बाजूला शेवाळ लावून, लग्नाला उशिरा पोचलेल्या मामासारखी निवांत येत होती. शलाका कपड्यांनिशी पाटात उतरली. होडी उलटी करून तिने बोट फिरवलं. शलू. अक्षरं जागच्या जागी होती.

"कुठल्या तरी बाभळीच्या मुळाशी घुटमळली असेल," आबा म्हणाले. "सहा मिनिटं माफ."

"कौल मिळाला!" शलाकाच्या तोंडून निघून गेलं. "आई येणार!" आणि मग काय, तिला सगळं सांगावंच लागलं.

आबा हसले नाहीत. "बाळा, होडीला तुझा कौल माहीत नव्हता. तिला फक्त पाण्याचा वेग माहीत होता. आणि समजा मुळाशी अडकून राहिली असती, तर आईचं येणं का रद्द झालं असतं?"

शलाकाचा चेहरा उतरला. "मग आई येणार की नाही, ते कळणार कसं?"

"फोनवर बोल तिच्याशी," पप्पा म्हणाले. "पाचच मिनिटं राहिलीत."

"बोलून काय होतं? शेवटी ती 'येते हं' म्हणणार आणि ठेवणार."

पाटकऱ्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. त्याला काही कळलं नाही की तो तसा लुकलुकायचा. "आई येते म्हणाल्या? कोणत्या दिवशी?"

"अरे वेड्या, तसं नसतं ते! आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ असतं. म्हणून 'येते' म्हणायचं."

"म्हणजे जाणारा माणूस 'येते' म्हणतो."

"हो."

"मग खरोखर येणारा माणूस काय म्हणतो?"

"तोही 'येते'च म्हणतो."

"मग तुम्ही ओळखता कसं?"

शलाका आबांकडे वळली. "आबा, गेल्या दोन्ही वेळा मी बोलले नाही, तेव्हा आई काय म्हणाली होती?"

"काय म्हणणार! तब्येत, हवापाणी..." आबा आठवू लागले. "आणि ठेवताना म्हणाली, 'शलूला सांगा, मी येते.' दोन्ही वेळा तेच. मी म्हटलं, बरं बरं, ये." बोलता बोलता त्यांचा हात फुटाण्यांच्या पुड्यातच राहिला. नद्यांचे वेग मोजलेला माणूस, पण त्या क्षणी चेहरा असा झाला की जणू साधी बेरीज चुकली. "अरे देवा! शलूला 'सांगा' म्हणाली. निरोप घेताना कोण असं सांगायला सांगतं?"

पप्पांच्या खिशातला फोन वाजला.

तो पप्पांनी काढेपर्यंत शलाकाने ओढूनच घेतला. दोन वर्षांत साठवलेलं सगळं बोलणं घशाशी आलं होतं, पण तिने एकच प्रश्न विचारला.

"आई, कधी?"

पलीकडे काहीच नाही. चंद्रावर आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि उत्तर परत यायला आणखी सव्वा. ते अडीच सेकंद शलाकाने चंद्राकडे बघत मोजले. एक, दोन...

"विचारलंस गं बाई एकदाचं!" आई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "दोनदा निरोप धाडला! म्हटलं, शलू विचारेल 'कधी', मग तिलाच आधी सांगेन. आणि तुम्ही सगळे ढिम्म! एवढी माणसं घरात, एकालाही विचारावंसं वाटलं नाही?"

"आम्हाला वाटलं, तू जातेस म्हणून म्हणतेस."

पुन्हा अडीच सेकंद. आणि मग आईचा आवाज अगदी हळू झाला. "आखाजीला, शलू. माझ्या बापाच्या घरी आखाजीला येते मी."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पाटाचं पाणी तोंडावर मारून घेतलं, म्हणजे कोणाला कळू नये. सगळ्यांना कळलं.

"आखाजी? ती तर चाळीस दिवसांवर आहे!" शलाका म्हणाली.

"लागणारच. उद्यापासून इथे चौदा दिवस रात्र. उजाडलं की नवी माणसं येतील, त्यांना काम समजावून द्यायला दोन दिवस. मग चार दिवसांचा प्रवास. आणि खाली आल्यावर वीस दिवस दवाखान्यात. इथे माझं वजन सहावा हिस्साच आहे ना, पाय विसरलेत सगळं. लहान बाळासारखं चालायला शिकायचंय."

शलाकाने बोटांवर बेरीज केली. चौदा, सोळा, वीस, चाळीस. चुकत नव्हती. चाळीस दिवस म्हणजे केवढे तरी! पण काल रात्रीपर्यंत आकडाच नव्हता. आता त्याला शेवट होता, आणि शेवट असला की वाट बघता येते.

"आई, तुझा आवाज म्हणजे लाट आहे," ती म्हणाली. "रेडिओलहरींवर (हवेशिवायही धावणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींवर) बसून सव्वा सेकंदात येतो. बातमी पुढे येते आणि तू मागून येतेस. होडीसारखी. मध्ये कुठे बाभळीच्या मुळाशी अडकू नकोस."

अडीच सेकंद. "कोणती होडी?"

"पांगाऱ्याची. आज पाण्यात घातली. बुडाली नाही!"

आणि मग शलाका जी बोलत सुटली ती दहा मिनिटं थांबलीच नाही. फुटाण्याचं सांगितलं, तेरा सेकंदांचं सांगितलं, नऊ सत्तावीसचं आणि नऊ तेहेतीसचं सांगितलं. पप्पांना बोलायला शेवटचं अर्धं मिनिट मिळालं, पण त्यांनी तक्रार केली नाही. चंद्र टेकडीच्या माथ्याला टेकायला आला होता.

"ठेवते आता," आई म्हणाली. "येते हं, शलू."

"ये," शलाका म्हणाली.

दिवसभर मग घसरगुंड्यांवर एकच धुमाकूळ झाला. आबासुद्धा एकदा घसरले आणि धोतर सावरता सावरता थेट डोहात पडले. शलाकाला हसता हसता ठसका लागला. मध्येच ती गप्प व्हायची, आईने हे पाहायला हवं होतं असं तिला वाटायचं, आणि आत कुठेतरी दुखायचं. मग ती बोटं मोजायची आणि पुन्हा पाण्यात उडी मारायची.

संध्याकाळी सामान गाडीत भरलं. होडी शलाकाच्या मांडीवर होती. पाटकरी फाटकापर्यंत पोचवायला आला.

"बराय, पाटकरीबुवा," पप्पा हात हलवत म्हणाले. "येतो आम्ही."

हिरवा दिवा लुकलुकला. "कोणत्या दिवशी?"

पप्पा हसू लागले, पण शलाकाने गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"आखाजीला," ती म्हणाली. "त्या दिवशी दार आठलाच उघड, उशीर करू नकोस. आणि आज आम्ही तिघं आलो होतो ना? तेव्हा चौघं येऊ. लिहून ठेव."

पाटकऱ्याने लिहून ठेवलं.